खुलासा : विद्यापीठाच्या झाडीतला तो पक्षी युरोपियन रॉबिन नव्हे

‘कोल्हापुरात पहिल्यांदाच युरोपियन रॉबिन!’ असा मजकूर आणि नारिंगी गळ्याच्या एका इवल्या पक्ष्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. फोटो खरा, नाव चुकीचं. ही लाल कंठाची माशीमार. पूर्व युरोप ते मध्य आशियात वीण करून ती दर हिवाळ्यात भारतात येते, म्हणजे ‘पहिल्यांदाच’ही खोटंच.

रॉबिनचा नारिंगी रंग कपाळापासून छातीपर्यंत पसरतो. माशीमार नराचा गळ्यावर आणि छातीच्या वरच्या भागावरच संपतो, चेहरा राखाडी राहतो. तरी रंगावर फार विसंबू नका. मादीला आणि पहिल्या वर्षाच्या नराला तो नसतोच. शेपूट बघा. काळसर शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे पांढरे डाग असतात, रॉबिनला ते नसतात. शिवाय ही सारखी शेपूट वर उडवते आणि ‘ट्रर्रर्र’ असा कोरडा आवाज काढते. आवाज ओळखीचा झाला की राधानगरीच्या दाट झाडीतही ती लपत नाही.

रॉबिनच हवा असेल तर आपला चिरक (इंडियन रॉबिन) आहे की, बारमाही.