‘पानं फुगवून लूट’ या अभिप्रायाला प्रकाशकाकडून उत्तर

नमस्कार.

सावंतवाडीत घडणाऱ्या आमच्या कादंबरीवर तुम्ही एक तारा देऊन सविस्तर लिहिलंत. घटस्फोटानंतर नऊ वर्षांनी समोरासमोर आलेल्या नवरा-बायकोची ही गोष्ट. तुमच्या तक्रारी अशा: पानं फुगवून 340 रुपयांना लुटलं, शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत, नायिका लगेच विरघळते, शेवट तिसाव्या पानावरच कळतो आणि असं लग्न कायद्यात बसत नाही. प्रतीची दोन पानं सुटली, हेही लिहिलंत. तुमचा हिरमोड झाला त्याबद्दल मनापासून क्षमस्व.

आधी ज्या चुका खऱ्या आहेत त्या मान्य करतो. रेल्वे स्टेशन मळगावला, शहराबाहेर. तिथून नायिका बॅग घेऊन दहा मिनिटांत चालत मोती तलावावर पोचते, हे चूकच. पुढच्या आवृत्तीत तिला रिक्षात बसवू. पान 117 वरची चूक तर आम्हाला फार लागली. लेखिकेने मजकूर युनिकोडमध्ये दिला आणि पानं लावताना तो श्रीलिपी या वेगळ्या टंकपद्धतीत गेला. या बदलात ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो आणि नेहमीच्या तपासणीत तो डोळ्यांतून निसटतो, कारण ‘र्या’ असलेले शब्दही मराठीत आहेतच. खानावळीतल्या आचाऱ्याला नायिका रडत हाक मारते, तिथे ‘आचार्याला’ छापलं गेलं. इतक्या नाजूक प्रसंगात स्वयंपाक्याचा गुरुजी झाला, वाचकाला हसू येणारच. अकरापैकी सात चुका याच जातीच्या आहेत.

पण तुम्ही मोजलेल्या तीन चुका चुका नाहीत. ‘तू खंय (कुठे) होतंस?’, ‘कित्याक (कशाला) गेलंस?’, ‘जेवलंस?’ इथे ‘होतीस, गेलीस, जेवलीस’ हवं होतं, असं तुमचं म्हणणं. मालवणीत बायकोशी, बहिणीशी, मुलीशी असं नपुंसकलिंगीच बोलतात आणि त्यात माया असते. नऊ वर्षं तिच्याशी प्रमाण मराठीत, ‘तुम्ही’ म्हणून वकिलामार्फत बोलणारा माणूस पान 96 वर पहिल्यांदा ‘होतंस’ म्हणतो. ते दुरुस्त करायचं म्हणजे प्रसंगच पुसायचा. शब्दार्थ द्यायला हवे होते, हे मात्र खरं. पुढच्या वेळी बघतो.

आता पैशांचं. ‘लूट’ हा शब्द जिव्हारी लागला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

छापील किंमत 340 असली तरी तुम्ही थेट आमच्याकडून सवलतीत पुस्तक घेतलंत आणि 255 रुपये दिलेत. टपालखर्च आम्ही सोसला. त्या 255 मधून लेखिकेचं मानधन 34 (ते छापील किमतीवर दहा टक्के देतो), कागद-छपाई-बांधणी 112, कुरिअर 58, खोका आणि बबल रॅप 12. उरले 39. त्यातून अक्षरजुळणी, दोन वेळा मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठाचं चित्र, हे सगळं मिळून 18,800 रुपये वसूल व्हायचे आहेत. आवृत्ती 300 प्रतींची. म्हणजे प्रतीमागे जवळपास 63. दुकानातून विकलं तर वितरक 45 टक्के घेतो. 340 तले 153 तिथेच जातात. मानधन आणि छपाई वजा केली की 41 राहतात. पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे कागदावर आणि छपाईवर भरलेला कर आम्हाला वळता करून घेता येत नाही. तोही त्या 112 मध्येच आहे. बुकपोस्टची स्वस्त सोय डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली, तेव्हापासून एकेक प्रत पाठवणं जड जातं. पहिल्या आवृत्तीत खर्च निघत नाही. दुसरी निघाली तरच चार पैसे दिसतात आणि दुसरी निघणं तुमच्यासारख्यांच्या अभिप्रायांवर असतं.

‘पानं फुगवली’ याबद्दल. मजकूर 62 हजार शब्दांचा, आकार डेमी (कादंबऱ्यांचा नेहमीचा), अक्षराचा टंक 13 पॉइंट. 11 पॉइंट घेतला असता तर बरीच पानं वाचली असती, पण वर मात्रा आणि खाली उकार असलेल्या आपल्या ओळी त्या आकारात वाचायला जड जातात. ही कादंबरी वाचणारे बरेच वाचक साठीपुढचे आहेत. त्या पानांनी प्रतीमागे थोडेच रुपये कमी झाले असते. शेवटी सहा कोरी पानं आहेत, तीही तुम्ही मोजलीत. छपाई 16 पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकदम छापून दुमडलेल्या 16 पानांच्या गठ्ठ्यांत होते. मजकूर 250 व्या पानावर संपला, सोळावा फर्मा 256 वर पुरा होतो. ती सहा पानं कापून टाकली तरी कागद तेवढाच लागतो.

नायिका ‘तिसऱ्या प्रकरणातच विरघळते’ हे वाचून वाटलं, ते प्रकरण घाईत वाचलं गेलं असावं. ती त्याला जेवायला वाढते, कारण खानावळ आहे. हात धुऊन तो निघतो तेव्हा ती गल्ल्यावर बसून थाळीचे 90 रुपये मोजून घेते आणि दहाची नोट परत देते. पुढे तो किती वेळा जेवतो आणि ती कितीदा पैसे घेते, एवढं पाहिलं तरी तिचं मन कुठे आहे ते कळतं. ही दोघं एकत्र येणार, हे अशा कादंबरीत पहिल्यापासून ठाऊकच असतं. तो त्यासाठी काय करतो, हे वाचायचं असतं. कायद्याचं म्हणाल तर हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 15 नुसार घटस्फोट कायम झाल्यावर दोघांनाही पुन्हा लग्न करता येतं. ते आधीच्याच जोडीदाराशी करायला मनाई नाही.

पानं सुटली ती 128-129 पाशी, पुस्तकाच्या बरोबर मध्यावर. गोंदाची बांधणी पाठीमागे पूर्ण दुमडली की तिथेच तडकते, आणि तुमच्या फोटोत पुस्तक तसंच दुमडलेलं दिसतं. तरीही नवी प्रत पाठवतो, जुनी परत करू नका. शिलाईची बांधणी परवडते का, तेही विचारून पाहतो.

एक विनंती आहे. अभिप्राय राहू द्या, एक ताराही राहू द्या. पण त्यासोबत पान 250 चा फोटो टाकलाय, तेवढा काढाल का? तो पाहून कालपासून दोन ऑर्डर रद्द झाल्या. ‘शेवट वाचला, आता नको’, असं दोघांनीही कळवलं.