दुप्पट आणि दुप्पट मिळून तिप्पट. चौपट नाही!

आज टेबलावर पुन्हा तोच तमाशा. डी अँड डी ३.५ (डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळाची ३.५ आवृत्ती), घोड्यावरचा पॅलाडिन (धर्मयोद्धा), हातात लॅन्स (लांब भाला), स्पिरिटेड चार्ज फीट (दौडत येऊन हल्ला, म्हणजे चार्ज, करायचं खास कौशल्य) आणि वर क्रिट (वर्मी घाव) कन्फर्म. खेळाडूचा डॅमेजचा (शत्रूला होणाऱ्या इजेचा) हिशोब तयारच होता: लॅन्सचे दोन, फीटचे तीन, क्रिटचे तीन, म्हणजे अठरापट. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) मान डोलावली! पहिल्याच राउंडला ड्रॅगन आडवा, बाकीचे चौघे हातात फासे घेऊन बसलेले.

अरे, नियम वाचा ना. ३.५ मध्ये प्रत्येक गुणक मूळ डॅमेजवर लागतो, आधीच गुणलेल्यावर नाही. म्हणजे पहिला गुणक पूर्ण धरायचा आणि पुढच्या प्रत्येकातून एक वजा करून मिळवायचा. स्पिरिटेड चार्जमध्ये हेच दडलंय: इतर शस्त्रांना दुप्पट, लॅन्सला तिप्पट. का? कारण चार्जमध्ये लॅन्सचे स्वतःचे दोन आणि फीटचे दोन मिळून तीनच होतात. त्या तीनमध्ये लॅन्सची दुप्पट आलेली आहे, ती पुन्हा कशी मोजता? त्यावर क्रिटचे तीन, म्हणजे दोनच वाढणार. पाचपट. संपलं.

आता आकडे बघा. लॅन्सचा डी८ (आठ बाजूंचा एक फासा), ताकदीचे ४, जादूचे २. पाचपट म्हणजे ५डी८+३०, सरासरी साडेबावन्न. अठरापट म्हणजे १८डी८+१०८, सरासरी १८९! आणि ३.५ मध्ये एकाच घावात ५० किंवा जास्त डॅमेज बसलं की मॅसिव्ह डॅमेजचा फॉर्टिट्यूड सेव्ह (तग धरण्याची फेक), डीसी १५, म्हणजे किमान १५ हवेत. हुकला की खेळ खल्लास. म्हणजे योग्य हिशोबातही ड्रॅगनला घाम फुटला असता. पण सब्र कुणाला आहे?

त्यात लॅन्स फ्लेमिंग (जादूने पेटता) होता, तर आगीचा डी६सुद्धा गुणला. तो गुणायचा नसतो! फ्लेमिंग, स्नीक अटॅक (बेसावध शत्रूवरचा घाव), असे जादा फासे एकदाच टाकायचे. ताकदीचा, जादूचा पक्का आकडा मात्र गुणला जातो.

बरं, ‘गणितात दोन गुणिले दोन चारच’ म्हणणाऱ्यांचं एक मान्य: वजन, अंतर अशा खऱ्या मापांना ३.५ साधंच गणित लावतं. प्राणी दुप्पट मोठा होऊन आठपट जड झाला आणि मग दगड होऊन आणखी तिप्पट, तर चोवीसपटच. पण डॅमेज म्हणजे वजन नव्हे.

नवीन पोरांवर राग नाही हं. ती बिचारी २०१४ चं फिफ्थ एडिशन (डी अँड डीची पाचवी आवृत्ती) खेळून येतात आणि तिथे सगळं उलटं आहे. क्रिटला सगळे फासे दुप्पट, स्नीक अटॅकचेसुद्धा, पण पक्का आकडा एकदाच. पाचव्या लेव्हलचा ‘रोग’ (चोरटं पात्र), शॉर्टसोर्डचा डी६, स्नीक अटॅकचे ३डी६, पक्का आकडा +४, आणि क्रिट: फिफ्थमध्ये ८डी६+४, ३.५ मध्ये ५डी६+८. पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत क्रिटला फासे आणि पक्का आकडा दोन्ही दुप्पट, पण ‘डेडली’ शस्त्राचा जादा फासा त्यानंतर वरून. घोळ होणारच. पण डीएमने तरी आपण कुठली आवृत्ती चालवतोय ते लक्षात ठेवावं ना?

कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या नोंदीच्या कागदावर) तीन रकाने पाडा. पहिल्यात शस्त्राचा फासा आणि पक्के आकडे, दुसऱ्यात न गुणायचे फासे, तिसऱ्यात एकूण पट, आधीच मिळवून ठेवलेली: चार्ज ३, क्रिटसह ५. पाच वेळा फासे टाका, एकदा टाकून पाचने गुणू नका. सरासरी तीच येते, पण एकच फासा १ वर पडला तर ३५ वर अडकता. डॅमेज रिडक्शन (शत्रूच्या अंगची इजा-कपात) सगळ्यात शेवटी, गुणून झाल्यावर, आणि एकदाच वजा. तेही शस्त्राच्या डॅमेजमधून, आगीतून नाही. १०चं डॅमेज रिडक्शन प्रत्येक फेकीतून वजा केलंत तर साडेबावन्नातले जवळजवळ सगळेच गेले. हेही करणारे महाभाग आहेत!

फिफ्थवाल्यांनी हसू नये. रेझिस्टन्स (डॅमेज अर्धं) आधी, व्हल्नरेबिलिटी (डॅमेज दुप्पट) नंतर, आणि अर्धं करताना खाली धरायचं. २५चे १२, मग २४. दोन्ही असले की ‘फिटंफाट, २५च’ म्हणून मोकळे होता ना, तो एक पॉइंट कुणाच्या खिशात जातो?