आजन्म की एक वर्ष?

सोसायटीत माझी ख्याती दोनच गोष्टींसाठी आहे. मी दारू पीत नाही आणि मला ऑनलाइन फॉर्म भरता येतात. मे २०२० मध्ये दोन्ही गुण एकदमच अंगाशी आले.

लॉकडाउनमध्ये ४ मेला दारूची दुकानं उघडायला मुभा मिळाली. मुंबईत अशी झुंबड उडाली की पालिकेनं दुसऱ्याच रात्री पुन्हा बंदीचा हुकूम काढला. तिजोरीही आटलेली, त्यामुळे सरकारनं घरपोच दारूचा मार्ग शोधला. अट एकच, पिणाऱ्याकडे परवाना हवा. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत वर्षानुवर्षं बिनबोभाट पिणाऱ्या सभ्य गृहस्थांना तेव्हा कळलं, की १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आपण इतकी वर्षं गुन्हा करत होतो.

"तू घेत नाहीस, म्हणून तुझ्यावर विश्वास," असं म्हणत सगळ्यांनी आधार कार्डं माझ्या व्हॉट्सॲपवर टाकली. फोटो मास्कसकट. एकानं तर मुंजीतला पाठवला. तेविसाव्या वर्षाच्या चिरंजीवांना बिअरवरच भागवावं लागेल, व्हिस्कीला पंचवीस पूर्ण हवीत, हे मी सांगितलं, तर कायदा मीच केल्यासारखे माझ्यावर डाफरले. वर म्हणे, अल्कोहोलनं विषाणू मरतो. अरे, हातावरचा! आणि त्यालाही निदान साठ टक्के लागतं, तुझी व्हिस्की बेचाळीसवर अडते. शिवाय पोटात गेलेली दारू प्रतिकारशक्ती उलट खालीच आणते. चिरंजीवांनी फोन ठेवला.

खरा घोळ परवान्याच्या मुदतीचा. वर्षाचे १०० रुपये, आजन्मचे १०००. म्हणजे दहा वर्षं जगलात तर बरोबरी, पुढे नफा. एरवी साधा हिशेब. पण रोज संध्याकाळी ठाणे शहरातले कोरोनाचे आकडे वाचून झाल्यावर तो करायला बसलं की भल्याभल्यांचा आवाज बसायचा. पन्नाशीचे धट्टेकट्टे लोक "सध्या वर्षाचाच भर" म्हणत होते.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका मात्र ठाम. "आजन्म!"

मागून काकूंनी फोन ओढून घेतला. "भर रे हजार. पण वसूल झाल्याशिवाय जायचं नाही, सांगून ठेवते!"

रात्री काकांचा पुन्हा फोन. बहुतेक बाथरूममधून, आवाज घुमत होता.

"ऐक ना, पाच रुपयांत एका दिवसाचा मिळतो म्हणे. तोच काढ. रोज सकाळी भरत जा."