परदेशातून : बोधिधर्म राहू दे, वस्तादाचं नाव सांग

शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर सध्या एकच गुऱ्हाळ चालू आहे. एकानं मेसेज टाकला : शाळांमधले कराटेचे वर्ग बंद करा, पोरांना दांडपट्टा, लाठी, कुस्ती शिकवा, परक्यांची विद्या कशाला? दुसऱ्यानं त्यावर कडी केली : कराटे परकं नाहीच मुळी, बोधिधर्म नावाच्या भारतीय भिक्षूनं ते चीनला नेलं, तिथून ते जपानला गेलं, म्हणजे आपलंच. तिसऱ्याची मुलगी जुळे सोलापुरात कराटेच्या क्लासला जाते. तिला नुकताच तपकिरी पट्टा मिळालाय, त्यामुळे तो बिचारा दोघांच्या मधे सापडलाय. मी नेदरलँड्समधल्या युट्रेक्टहून मधे तोंड घातलं तर लगेच उत्तर आलं, "काय बे, तिकडं बसून आम्हाला शिकवतो का?" ग्रुपवर चार ओळींत मावणारा विषय नाही, म्हणून इथं लिहितोय.

आधी बोधिधर्माचं मिटवू. पाचव्या-सहाव्या शतकातला हा भिक्षू चिनी ध्यानपंथाचा आद्य गुरू मानला जातो, त्याबद्दल वाद नाही. पण त्यानं शाओलिन मठातल्या भिक्षूंना मारामारी शिकवली, ही गोष्ट 'यीजिन जिंग' नावाच्या व्यायामाच्या पोथीवर उभी आहे, आणि अभ्यासक ती पोथी १६२४ च्या आसपासची धरतात. भिक्षू आणि पोथी यांच्यात हजार वर्षांचं अंतर. ही भाकडकथा आहे हे तांग हाओ या चिनी अभ्यासकानं १९३० च्या सुमारास पुराव्यानिशी दाखवून दिलं होतं. तरी ती आपल्या ग्रुपवर ठणठणीत आहे, कारण तिच्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी केलं, आपण फक्त फॉरवर्ड करायचं.

आता मी राहतो त्या गावाबद्दल. युट्रेक्टमध्ये अँटोन गेसिंकच्या नावाचा रस्ता आहे. हा इथलाच, जवळजवळ दोन मीटर उंचीचा गडी. १९६४ मध्ये टोकियोत ज्यूदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला आणि खुल्या गटाच्या अंतिम लढतीत, जपानी प्रेक्षकांनी भरलेल्या बुदोकान सभागृहात, गेसिंकनं अकिओ कामिनागाला खाली दाबून धरून हरवलं. डच मंडळी आनंदानं आखाड्याकडं धावली, तेव्हा यानं हात वर करून त्यांना थांबवलं. कामिनागाला नमस्कार व्हायचा होता अजून. माझ्या मते ज्यूदो जगाचा झाला तो त्या दिवशी. विद्या ज्यांची, त्यांनाच त्यांच्या घरात बाहेरच्यानं हरवलं, आणि तेही त्यांच्याच रीतीनं वागून. आपल्याकडं असं झालं असतं तर आधी पंचांची कॉलर धरली असती.

पण गेसिंकला घडवणारी गोष्ट ऐंशी वर्षं आधीची आहे. ज्यूदोचा जनक जिगोरो कानो, जन्म १८६०. अंगानं किरकोळ, शाळेत दांडगट पोरांचा मार खाणारा, म्हणून जुजुत्सू ही जुनी जपानी झटापटीची विद्या शिकायला गेला. १८८२ मध्ये टोकियोच्या एका बौद्ध मंदिरात बारा चटयांची जागा घेऊन नऊ विद्यार्थ्यांसह त्यानं कोदोकान ही ज्यूदोची शाळा सुरू केली. पुढे तो शिक्षकांच्या महाविद्यालयाचा प्राचार्य झाला, १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीत बसणारा पहिला आशियाई झाला आणि १९३८ मध्ये कैरोच्या बैठकीहून परतताना बोटीवरच वारला. त्याच्याआधी जुजुत्सूचे शेकडो संप्रदाय होते, प्रत्येकाच्या गुप्त युक्त्या, प्रत्येकाचा मान. कानोनं काय केलं? जिवावर बेतणारे घाव बाजूला काढून फक्त ठरवून करायच्या प्रकारांत ठेवले आणि उरलेल्या डावांवर पूर्ण ताकदीनं, खऱ्याखुऱ्या विरोध करणाऱ्या माणसाशी रोज सराव करता येईल अशी सोय केली. डाव गटांत लावले. १९२० ची त्याची यादी पाच गटांत आठ-आठ अशी चाळीस फेकींची आहे. शिष्यांना श्रेणी दिल्या, काळा पट्टा त्यातूनच आला. मास्तरकी केली, थोडक्यात.

कराटेचंही तेच. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या इतोसू आन्कोनं ते १९०१ च्या सुमारास शाळांत नेलं, मग मुलांना झेपतील असे पाच सोपे प्रकार बसवले. त्याचा शिष्य गिचिन फुनाकोशी पेशानं शाळामास्तर. त्यानं १९२२ मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं, कानोनं त्याला कोदोकानला बोलावून घेतलं, आणि कराटेत पांढरा पोशाख नि पट्टे आले ते ज्यूदोवरूनच. (ब्रूस लीचं पोस्टर लावून आपल्याकडं कराटेचे वर्ग भरले, तो कराटेवाला नव्हताच. तो हाँगकाँगच्या इप मानकडं विंग चुन नावाची चिनी विद्या शिकलेला. असो.)

माझी धाकटी इथं ज्यूदोला जाते. सुरुवातीला कितीतरी दिवस तिला कुणी कुणाला पाडायला शिकवलं नाही, पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि जमिनीला लागताना हात सपाट आपटायचा. फाट, फाट, फाट. सगळ्या हॉलभर तोच आवाज. नंतर शिकवलं हातानं दोनदा थोपटायला : समोरच्यानं थोपटलं की त्या क्षणी पकड सुटलीच पाहिजे, मग तो तुझ्यापेक्षा लहान असो की मोठा. शिकवणाऱ्या बाई मोरोक्कन घरातल्या आहेत. ही विद्या जपान्यांची की कुणाची, हा प्रश्न त्या हॉलमध्ये कुणाला पडत नाही, आणि भिंतीवर कानोचा फोटो मात्र आहे.

मग आपल्याकडं असे मास्तर झालेच नाहीत का? झाले की! आणि हेच मला जास्त लागतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभटदादा देवधर, ज्यांच्यामुळे मल्लखांब पुन्हा उभा राहिला. त्याहून मागं जायचं तर कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा, बाराव्या शतकातला. त्याच्या 'मानसोल्लासा'त मल्लांचा खुराक आणि सराव यांची वर्णनं आहेत. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरहून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतकी जवळ. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ मध्ये थेट बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. बोधिधर्माचा फॉरवर्ड ढकलणाऱ्या मित्राला मी मुजुमदारांचं नाव विचारलं. त्यानं अंगठा पाठवला.

मग म्हटलं, ते राहू दे, आपल्या पेठेतल्या वस्तादांचं पूर्ण नाव सांगा. गिरणीची पाळी संपवून तालमीत येणारे, पायानं तांबडी माती तुडवत तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू कालवून घेणारे, "पट काढ की रे, पट!" म्हणून ओरडणारे आमचे वस्ताद. ग्रुपवर चार जणांनी चार वेगळी आडनावं सांगितली. ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड या डावांच्या त्यांच्या खास खाचाखोचा कुणी कागदावर उतरवल्या नाहीत. ते गेले, त्यांच्याबरोबर त्याही गेल्या. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं सोलापुरात अजून रोज तोंडात असतात, पण ती जास्त ऐकू येतात गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझीमच्या निमित्तानं.

इथलं सगळं गोड आहे असं समजू नका. क्लबची फी भरली नाही तर मूल आत जात नाही, सुट्ट्यांत हॉलला कुलूप, आणि डाव संपला की ज्यानं त्यानं आपली पिशवी उचलायची. आमच्या तालमीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे वस्तादांना आधी कळायचं. मोठी पोरं धाकट्यांना फुकट शिकवायची. हे डचांना दाखवावं असं वाटतं. पण त्याच तालमीच्या उंबऱ्याच्या आत माझ्या बहिणीला कधी पाऊल टाकू दिलं नाही, हेही त्यांना सांगावं लागेल. कानोसुद्धा इथं धुतल्या तांदळासारखा नाही : त्यानं बायकांना शिकवलं, पण त्याच्या संस्थेत त्यांची वाट वेगळी राहिली. त्याच्या गुरूची नात केइको फुकुदा, ही बाई केवळ बाई म्हणून बरीच वर्षं पाचव्या श्रेणीवर अडकून पडली. १९७२ मध्ये सहावी मिळाली. वयाच्या ९८ व्या वर्षी अमेरिकेतल्या संघटनेनं तिला दहावी दिली.

म्हणून मित्राच्या मुलीचा तपकिरी पट्टा मला परका वाटत नाही. क्लासवाले दर परीक्षेला फी काढतात, पट्टे वाटतात, हे त्याचं रडगाणं खरं आहे. तरी तिला संध्याकाळी जायला एक जागा तर आहे. समग्र शिक्षाच्या योजनेत सरकारी शाळांतल्या मुलींना राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं तीन महिने स्वसंरक्षण शिकवतात. तीन महिन्यांत नीट पडायलासुद्धा येत नाही, हे मी घरात बघितलंय. दांडपट्टा २०२४ मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, छान झालं. पण पंचकुलात २०२२ मध्ये झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत पंजाबचा गटका होता, केरळचं कलरीपयट्टू होतं, मणिपूरचं थांग-ता होतं. आपल्याकडून मल्लखांब होता, दांडपट्टा नव्हता. गुण कसे द्यायचे, डोळे कसे वाचवायचे, कोवळ्या पोराच्या हातात कुठलं पातं द्यायचं, हे ठरवल्याशिवाय स्पर्धेत कोण घेणार? खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले तेव्हा मातीतल्या या माणसाला मॅट आणि तिथले नियम नवे होते. ते शिकून घेतले म्हणून १९५२ मध्ये हेलसिंकीहून पदक आलं.

मी ग्रुपवर शेवटी एवढंच टाकलं. पेठेत जे जुने पैलवान अजून हिंडते-फिरते आहेत, त्यांच्याकडून एकेक डाव करवून घ्या, मोबाइलवर चित्रण करा, डावाचं नाव आणि शिकवणाऱ्याचं पूर्ण नाव लिहा. बाहेर राहणारे आम्ही काही जण मिळून मॅटचे पैसे पाठवतो. अट एकच : मुलींची वेळ संध्याकाळी सहाची ठेवायची, पहाटे पाचची नाही. कराटेवाल्या मित्रानं लगेच होकार कळवला. बोधिधर्मवाल्यानं विचारलंय, मॅट किती जाडीची लागेल.