क्निकेबाइनचा झोत वाकलाच नव्हता

‘१९४० मध्ये इंग्रजांनी जर्मनांचा गुप्त रेडिओ झोत वाकवला. बाँब शेतात पडले, काही विमानं तर इंग्लंडमध्येच उतरली आणि जर्मन बाँबफेके आंधळे झाले.’ ही गोष्ट सध्या फॉरवर्ड होत फिरतेय. ऐकायला झकास आहे, पण तपशिलात ठिकठिकाणी घसरते.

गुप्त झोत? तत्त्व तरी मुळीच गुप्त नव्हतं. धुक्यात विमान उतरवण्यासाठी लोरेन्झ कंपनीची रेडिओ झोताची पद्धत युद्धाआधीच नागरी विमानतळांवर वापरात होती. जर्मनांनी त्याच तत्त्वावर क्निकेबाइनचे, म्हणजे बाँबफेक्या विमानांना लक्ष्यापर्यंत नेणाऱ्या झोताच्या यंत्रणेचे, प्रचंड अँटेना उभारले. विमानात वेगळं यंत्र दिसत नव्हतं, कारण लँडिंगचाच रिसीव्हर गरजेपेक्षा जास्त संवेदनशील केलेला होता. लबाडी असलीच तर ती इथे.

वाकवण्याचं म्हणाल, तर आधी झोत कसा चाले ते पाहा. मधल्या रेषेच्या एका अंगाला ठिपके ऐकू येत, दुसऱ्या अंगाला रेघा. मधोमध दोन्ही एकमेकांत चपखल बसून अखंड सूर लागे. जर्मनीतल्या क्लेव्हे आणि ब्रेडस्टेट इथून निघालेले दोन झोत जिथे छेदत, तिथे बाँब टाकायचे. आर. व्ही. जोन्स या २८ वर्षांच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे ताडलं. २१ जून १९४० च्या रात्री एका ब्रिटिश अ‍ॅन्सन विमानाला हा झोत सापडलाही, जेमतेम ४००-५०० यार्ड रुंद.

उतारा म्हणून इंग्रजांकडून ‘अ‍ॅस्पिरिन’ नावाच्या प्रक्षेपकांवरून त्याच फ्रिक्वेन्सीवर जादा रेघा सोडल्या गेल्या. (सुरुवातीला तर रुग्णालयांतली डायाथर्मीची (रेडिओ लहरींनी शेक देणारी) यंत्रंही या कामी जुंपली होती!) पण झोत खरोखर सरकवायचा तर या रेघा जर्मन ठिपक्यांशी क्षणाक्षणाला जुळायला हव्यात. त्या जुळवलेल्या नव्हत्या. त्यामुळे नवी, चुकीची रेषा तयारच झाली नाही. वैमानिकाच्या कानात नुसता गोंधळ माजला आणि त्याचा झोतावरचा भरवसा उडाला. बाँब शेतात पडले हे खरं, पण त्यामागे हा गोंधळ होता. पुढे मोकळ्या रानात पेटवलेल्या फसव्या आगींनीही बाँब ओढून घेतले.

वाट चुकून इंग्लंडमध्ये उतरण्याशी झोताचा संबंध जोडणं चूकच. तो ‘मीकन’चा खेळ: जर्मन दिशादर्शक बीकनचा (जमिनीवरच्या रेडिओ खुणेचा) संदेश पकडून दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा सोडायचा, म्हणजे विमानाला दिशा चुकीची कळते.

आणि आंधळे झाले? १४ नोव्हेंबर १९४० ला इंग्लंडमधलं कोव्हेंट्री शहर बेचिराख झालं, तेव्हा वाट दाखवणाऱ्या जर्मन विमानांत एक्स-गेरेट ही जास्त अचूक, अधिक उंच फ्रिक्वेन्सीची यंत्रणा होती. इंग्रजांचे जॅमर (झोतात अडथळा आणणारे प्रक्षेपक) त्या रात्री चालू होते. पण त्यांचा सूर १५०० हर्ट्झचा होता आणि जर्मनांचा २०००. जर्मन रिसीव्हरच्या फिल्टरने तो सरळ गाळून टाकला.