ससा, बीगल आणि मंडल अधिकारी

आमच्या मंडळाची दिवाळी यंदाही हॉल मिळाला तेव्हा, म्हणजे नोव्हेंबर निम्मा उलटल्यावर झाली आणि त्या दिवाळीत मी दयाळू माणूस म्हणून प्रसिद्ध झालो. फराळाच्या प्लेटा सांभाळत दोन बायका मुद्दाम जवळ आल्या. "अहो, किती छान केलंत! जाऊ दिलंत त्या बिचाऱ्याला!" बिचारा म्हणजे ससा. एका गृहस्थांनी पाठ थोपटली. आणखी एकाने त्याच रात्री भूतदयेचा फॉरवर्ड पाठवला, खाली जोडलेले हात. पेनसिल्व्हेनियात बीगल जातीची शिकारी कुत्री पाळून सशामागे काट्यांत शिरणाऱ्या माणसाची याहून जास्त बेअब्रू होऊ शकत नाही. आणि ती करणारे काका पलीकडच्या टेबलावर शांतपणे करंजी मोडत होते.

काका म्हणजे मित्राचे वडील. मंगळवेढ्याकडचे, महसूल खात्यातून मंडल अधिकारी म्हणून निवृत्त, सध्या मुलाकडे मुक्कामी. शिकार बघायचीय म्हणाले. मी दोनच अटी घातल्या: बोलायचं नाही आणि जागा सोडायची नाही. दोन्ही तत्काळ मंजूर झाल्या, तेव्हाच संशय यायला हवा होता.

इथला नियम असा की सशाच्या शिकारीत डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी रंग अंगावर हवा, आणि तो चारही बाजूंनी दिसायला हवा. शिकार न करणाऱ्या सोबत्यालाही मी तो घालायला लावतो. काकांना जाकीट दिलं, टोपी दिली. गाडीतून उतरल्यावर पाच मिनिटांत त्यांनी टोपीखाली माकडटोपी चढवली, ते चालेल. पण जाकिटावरून तपकिरी शाल पांघरली. नोव्हेंबरात झाडीतून वाकून चालणाऱ्या तपकिरी वस्तूकडे लोक काय समजून बघतात, हे त्यांना नीट समजावलं. शाल जाकिटाच्या आत गेली. त्यानंतर चौकशी सुरू झाली.

"ही जमीन कुणाच्या नावावर?"

"गेम कमिशनच्या, काका. राज्याचं खातं आहे."

"म्हणजे गायरान."

"गायरान नाही. शिकारीच्या परवान्यांचे पैसे वापरून घेतलेल्या जमिनी. राज्यभरात मिळून १५ लाख एकरांच्या आसपास."

"पंधरा लाख! अतिक्रमण किती?"

"असं काही दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे मोजणी झालेली नाही."

यावर काय बोलणार? मी कुत्री सोडली.

सशाला जंगल आवडतं हा गैरसमज आहे. मोठ्या, उंच झाडांच्या जंगलात खाली ना गवत ना आडोसा, तिथे इथला कॉटनटेल जातीचा ससा सापडत नाही. त्याला हवी अर्धवट वाढलेली झाडी: चार-सहा वर्षांपूर्वी झाडं तोडून मोकळी केलेली जागा, पडीक शेताचा बांध, फांद्यांचे ढीग, काटेरी जाळ्या. गार, स्वच्छ सकाळी दक्षिणेकडे तोंड असलेला उतार आधी बघावा, ऊन खात बसलेला असतो. यातली सर्वांत ओंगळ जाळी मल्टिफ्लोरा रोझची. हा पूर्वेकडच्या आशियातून आणलेला गुलाब गेल्या शतकात इथल्या सरकारी खात्यांनीच शेतकऱ्यांना कुंपणासाठी, मातीसाठी आणि सशा-पाखरांच्या आडोशासाठी वाटला. आता तोच गुलाब उपद्रवी तणांच्या यादीत आहे. हे ऐकल्यावर मात्र काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपली वेडी बाभळच की रे! लावताना एक परिपत्रक, काढताना दुसरं!" त्यांचं हे एकच वाक्य मला मनापासून पटलं. या जाळ्यांसाठी पँटच्या पुढच्या बाजूला मांडीपासून घोट्यापर्यंत जाड कॅनव्हासचा दुसरा थर लागतो. काका ट्रॅकपँटमध्ये होते.

आता कुत्र्यांविषयी. अमेरिकेत बीगलचे दोन गट धरतात, खांद्याशी १३ इंचांपर्यंतचे आणि १३ ते १५ इंचांचे. पंधराच्या वर गेला की प्रदर्शनातून बाद. माझी ठमी लहान गटातली, गुंड्या मोठ्या. काकांनी ठमीकडे वरून बघितलं, मग वाकून बघितलं.

"हे ससा धरणार?"

"धरणार नाही काका. धरायचाच नसतो."

"मग?"

"ती मागावर चालते. ससा गोल फिरून परत येतो. मी इथे उभा राहतो."

"आरं, म्हणजे ससाच येणार तुझ्याकडं?"

"हो."

"आणि तू नुसता उभा."

"हो."

"कागदोपत्री पगार घेणारे बघितलेत मी असे."

त्यानंतर त्यांच्या लहानपणीचे कारवानी कुत्रे निघाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधीची गोष्ट, उघडा माळ, लांब तंगड्यांचा कुत्रा, ससा उठला की झेप आणि मिनिटाभरात निकाल. ते सगळं खरं आहे, पण कारवानी डोळ्यांनी धावतो आणि बीगल नाकाने. माळावर ससा दिसतो, म्हणून तिथे वेग कामाचा. इथे काट्यांत दोन हातांपलीकडचं दिसत नाही, आणि वेग उलट नडतो. कुत्र्याने फार रेटलं तर कॉटनटेल सरळ ग्राउंडहॉग नावाच्या बिळं खणणाऱ्या प्राण्याच्या बिळात घुसतो आणि खेळ तिथेच संपतो. स्वतः बीळ खणत नाही, पण दुसऱ्याचं वापरायला लाजत नाही. आखूड पायांचा, संथ, मागाला चिकटलेला कुत्रा असेल तर ससा घाबरत नाही. तो कुत्र्यांच्या बराच पुढे, शंभर पावलांवर वगैरे, टुणटुणत जातो, थांबतो, कान फिरवतो, पुन्हा निघतो. त्याचा सगळा मुलूख काही एकरांचा, ओळखीचा आडोसा सोडून तो जाणार कुठे? म्हणून वळसा घालून तो बहुधा उठला त्याच जागेच्या आसपास येतो. शिकाऱ्याने तिथेच, थोड्या उंचवट्यावर, समोर दहा-पंधरा पावलं मोकळी दिसतील असं उभं राहायचं आणि हलायचं नाही. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. उभा माणूस त्याला खुपत नाही, पण हाताची हालचाल लगेच खुपते.

सकाळी दहिवर पडलं होतं. गोठलेल्या जमिनीवर वास उठत नाही, कुत्री नाक खुपसून नुसतीच फिरतात. ऊन लागून दहिवर विरघळायला लागलं की तासभर मात्र पर्वणी. ओली जमीन, पाच-सात अंश तापमान आणि पडलेला वारा, याहून जास्त मागू नये. पाऊस न होता ओकची पानं वाळून कडकडीत झाली असतील तर घरी बसलेलं बरं.

गुंड्या सुटल्या सुटल्या भुंकायला लागला. काका खूश. "हा बघ कामाला लागला. ती तुझी ठमी नुसतीच हुंगत बसलीय." आता हे मी कुणाकुणाला सांगू! वास नसताना भुंकणारा कुत्रा हा या खेळातला सर्वांत मोठा शाप आहे. इथे अशा कुत्र्याला बॅबलर म्हणतात आणि स्पर्धेत असा कुत्रा परीक्षक काढून टाकतात. बाकीची कुत्री त्याच्या हाकेला धावतात, तिथे काही नसतं, दोन-तीनदा फसली की खरी हाकसुद्धा मनावर घेत नाहीत. ठमी वास मिळेपर्यंत तोंड उघडत नाही. तिने काट्यांत दोनदा शेपूट जोरात हलवली आणि मग लांब सूर लावला, तेव्हाच ससा उठला. पण काकांनी मूल्यमापन करून टाकलं होतं. गुंड्या अतिउत्तम, ठमीचा शेरा प्रलंबित.

कुत्री उताराखाली गेली, आवाज लांबला, ओढ्याजवळ एकदम बंद पडला.

"मेली का रे?"

"काका, माग तुटलाय. गप्प राहा."

ससा इथेच हुशारी करतो. आपल्याच पावलांवरून थोडं मागे येतो, मग बाजूला लांब उडी मारतो, किंवा दगडी बांधावरून चालत जातो. चांगला कुत्रा वास जिथे संपला तिथेच लहान लहान घेरे घेत शोधतो. उतावळा अंदाजाने शंभर फूट पुढे धावतो आणि उरलासुरला माग तुडवून टाकतो. माणसाने या वेळी काहीही करायचं नसतं. पुढे जायचं नाही, हाक मारायची नाही. काकांनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन मंगळवेढ्यापर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "ए ठमेऽऽ, डावीकडं बघ डावीकडं!"

ठमीने डावीकडेच माग काढला. हा निव्वळ योगायोग होता, हे आजही काका मानत नाहीत.

आवाज वळला. हळूहळू आमच्या दिशेने यायला लागला. माझ्या हातात २० गेजची दुनळी. पहिली नळी थोड्या मोकळ्या तोंडाची, दुसरी जरा आवळ, काडतुसात सहा नंबरचे सुमारे २०० छर्रे. वीस-पंचवीस यार्डांना एवढं पुरतं. कुत्री अजून खाली आणि समोरच्या जाळीतून कॉटनटेल बाहेर आला. थांबला. नाक हलत होतं. सेफ्टी सरकवायला अंगठा गेला आणि माझ्या उजव्या बाजूला चिवड्याची पुडी उघडली.

प्लॅस्टिकची पुडी. तीही एकदम नाही, हळूहळू, आवाज होऊ नये म्हणून. त्यामुळे तो आवाज चांगला दहा सेकंद चालला.

ससा मागे वळला आणि आला त्याच वाटेने, म्हणजे कुत्र्यांच्याच दिशेला, उतार उतरू लागला. "हाण! आरं हाण की!" काका ओरडले, तोंडात पोहे. मी बंदूक खाली घेतली. यात दया नाही, विचार नाही, वादाला जागा नाही. ससा जमिनीलगत पळतो, बीगलची उंचीही जमिनीलगतच. कुत्री कुठे आहेत हे डोळ्यांना दिसत नसेल तर जमिनीच्या पातळीवर चाप ओढायचा नाही. कुत्रा मारणाऱ्या माणसाला या भागात कुणी पुन्हा सोबत नेत नाही, आणि ते योग्यच आहे.

"सोडलास!" काका म्हणाले.

मंडळात गेली ती कथा एवढीच, यापुढची कापून. कारण त्याच सकाळी पुढच्या वळशात ससा उघड्यावर, कुत्र्यांच्या पुष्कळ पुढे आला आणि मी मारला. दिवसाला चार मारायची मुभा आहे, पण चार ससे बघायला मिळाले तरी आता चांगला दिवस म्हणायचा. जुन्या शेतांचे बांध साफ झाले, तोडलेली जंगलं पुन्हा उंच वाढली, सशाच्या उपयोगाची मधली झाडीच उरत नाही. मंडळातली माणसं मात्र ससे कमी झाल्याचं खापर माझ्यावर फोडतात, आणि हल्ली तेही नाही, कारण मी दयाळू आहे.

काका उघड्या हातांनी ससा सोलायला निघाले होते. रबरी हातमोजे घाला म्हटलं. सशाला ट्युलरेमिया नावाचा रोग असू शकतो, तो कातडी काढताना हातावरच्या ओरखड्यातून माणसाला होतो, आणि काट्यांतून आलेल्या हातावर ओरखडे असतातच. काळीज, म्हणजे यकृत, बघायचं, त्यावर बारीक पांढरे ठिपके असतील तर तो ससा फेकून द्यायचा. आतडी लवकर काढून मांस गार करायचं आणि खाताना पूर्ण शिजवायचं. आमचं काळीज स्वच्छ निघालं. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या घरी तो काळ्या मसाल्यात, मंद आचेवर दीड तास शिजला. काकांनी दोन्ही मागच्या तंगड्या घेतल्या. "याला चरबी नसते," असं त्यांनी मला तीनदा सांगितलं, जणू मीच त्यांची सून होतो. कोलेस्टेरॉलपायी सूनबाईंनी त्यांचं मटण बंद केलंय, हे तेव्हा कळलं. म्हणून घरी "ससा सोडला". म्हणून मंडळात माझं पुण्य. मला खरं सांगायची सोय नाही, कारण सूनबाई फराळाच्या समितीवर आहेत आणि पुढच्या वर्षी माझ्या पानात काय पडेल हे त्या ठरवतात.

परवा काकांनी फोन करून स्नोशू हेअरविषयी विचारलं. कुठून कळलं कोण जाणे. हा ससा राज्याच्या उत्तरेला आणि पोकोनोच्या डोंगरात असतो. दिवस लहान होत गेले की बर्फ पडो न पडो, तो आपोआप पांढरा होतो. वळसा घेतो तो अर्ध्या-पाऊण मैलाचा, म्हणजे गारठ्यात तासभर एका जागी उभं राहायचं. मोसम २६ डिसेंबरपासून जेमतेम आठवडाभर, दिवसाला एकच ससा. हे सगळं सांगितलं तर माणूस आपणहून माघार घेईल, असं वाटलं.

"उत्तम," काका म्हणाले. "माझं परतीचं तिकीट जानेवारीचंच आहे. आणि ऐक, या वेळी पुडी नको. मी डबाच आणतो, स्टीलचा."