गटाराचे बिल आणि मंडपाचे बिल

नमस्कार.

तुम्ही नाव दिलेले नाही, पेडण्याचे आहात एवढेच कळले. पण मन लावून लिहिलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते: खाणबंदी आणि कोविड असे दोन फटके लागोपाठ बसले, त्या काळात आपल्या गोवा सरकारने सोहळे, जाहिराती आणि महामंडळे यांवर पैसा कसा उडवला, हे मी मागच्या लेखात मांडले होते. त्यावर तुमचे म्हणणे असे की मंदीत सरकारने खर्च करायचाच असतो, हे मला कळत नाही. सोहळ्यांतून गरिबालाही काम मिळते, ते मी लपवले. आणि काँग्रेसच्या राजवटीत मी तोंड उघडले नव्हते, तेव्हा मी कोणाची हे उघड आहे.

मंदीत खर्च करावा, हे मला मान्यच आहे. ७ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खनिज काढणे थांबले. मी डिचोली तालुक्यात राहते. आमच्या वाड्यावर खनिज वाहणारे पाच टिपर ट्रक एका रांगेत उभे राहिले ते उभेच. ताडपत्र्या फाटल्या, टायर बसले, बँकेचे हप्ते मात्र चालू. टायरवाला, गॅरेजवाला, ड्रायव्हरांना जेवण घालणारी खाणावळ, सगळ्यांची चूल त्याच लाल धुळीवर पेटत होती. दोन वर्षांनी टाळेबंदी आली आणि किनाऱ्यावरचा धंदाही बसला. अशा वेळी सरकारनेही हात आखडला तर माणसांच्या हातात पैसा येणार कुठून? खर्च करावा, लागले तर कर्ज काढून करावा. माझी तक्रार रांगेबद्दल आहे. तिजोरीत खडखडाट असतो तेव्हा कोणाचे बिल आधी निघते आणि कोणाला ‘थांबा’ म्हणतात, ती रांग.

मी लहान कंत्राटदारांचे हिशेब लिहिते. वीस वर्षे हेच काम. त्यामुळे ही रांग मला भाषणातून कळत नाही, फायलीतून कळते. त्या वर्षातल्या दोन फायली सांगते, दोघांच्याही परवानगीने आणि नावे न घेता.

पहिली फाइल गटाराची. गावातल्या रस्त्याच्या कडेचे गटार, काम सहा लाख चाळीस हजारांचे. एवढ्याशा कामालाही ई-निविदा भरावी लागली, अनामत ठेवावी लागली. आमदारांच्या हस्ते नारळ फुटला. फेब्रुवारी २०२०मध्ये काम पुरे झाले, अभियंत्याने मापे घेऊन एमबीत, म्हणजे मापांच्या सरकारी वहीत, नोंद केली, मार्चमध्ये बिल गेले. पैसे आले मे २०२१मध्ये. चौदा महिने. मधल्या काळात तो कितीदा त्या खात्यात गेला याची मोजदाद नाही. दर वेळी एकच उत्तर, निधी आलेला नाही. कामगारांची मजुरी आणि चिऱ्यांचे पैसे त्याने पतपेढीतून तेरा टक्क्यांनी उचलून दिले होते. त्याचे व्याज मी स्वतः मांडले, सत्त्याण्णव हजार होते. त्या कामात त्याला सुटायचे होते साधारण साठ हजार. म्हणजे सरकारी काम करून तो माणूस खड्ड्यात गेला.

दुसरी फाइल मंडपाची. डिसेंबर २०२०मधला एक सरकारी कार्यक्रम. मंडप, खुर्च्या, पडदे, व्यासपीठावरचे सोफे. काम मोठ्या इव्हेंटवाल्यांना मिळाले होते, माझ्याकडचा मंडपवाला त्यांच्या हाताखाली. इव्हेंटवाल्यांचे बिल जानेवारी संपण्याआधी निघाले, याला फेब्रुवारीत पैसे मिळाले. त्याला मिळाले याचा मला आनंदच आहे, त्याच्या घरीही दोन मुली शिकताहेत. तुम्ही म्हणता तसे सोहळ्यातून गरिबाला काम मिळते, हे त्याच्या वहीत दिसते. पण त्याच जानेवारीत, त्याच सरकारकडे, गटारवाल्यासाठी निधी नव्हता. हे मला अजून पचलेले नाही.

आणि ते तिथे संपत नाही. पुढच्या निविदेत गटारवाल्याने भाव वाढवून भरला, कारण बिल वर्षभर अडकणार हे त्याने आता धरून ठेवले आहे. सगळे लहान कंत्राटदार तेच करतात. उशिराचे व्याज कामाच्या किमतीत जाऊन बसते आणि शेवटी सरकारच ते भरते. पैसा कमी पडला की राज्य सरकार रिझर्व्ह बँकेमार्फत रोखे विकून कर्ज उचलते, त्यातले बरेचसे दहा वर्षांच्या मुदतीचे असते. २०२०मध्ये उचललेले २०३०मध्ये फेडायचे, तोवर व्याज वेगळे. ऋण काढून सण करू नये हे घराघरात सांगतात, ते याच कारणाने.

गोवामुक्तीला साठ वर्षे झाली त्या हीरक महोत्सवाचा पैसा दिल्लीचा होता, असेही तुम्ही लिहिलेत. १ फेब्रुवारी २०२१च्या अर्थसंकल्पात केंद्राने त्या महोत्सवासाठी ३०० कोटी जाहीर केले, हे खरे. पण दिल्लीच्या पैशात तुमचा-माझा कर आहेच ना? मुक्तिदिनाबद्दल मला आदर आहे. माझे वडील लहानपणी पाहिलेला तो दिवस सांगताना अजून गहिवरतात. साधेपणाने केला असता तर त्या दिवसाचे मोल कमी झाले नसते.

आता पक्षाचे. मी कोणाची, हे तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. दोन्ही बाजूंना मत दिलेले आहे आणि दोन्हीकडून फसले आहे. दिगंबर कामतांच्या काँग्रेस सरकारने आमदारांना संसदीय सचिव नेमून त्यांना मंत्र्यांचा थाट दिला होता. २००९मध्ये उच्च न्यायालयाने त्या नेमणुका रद्द केल्या. तेव्हा मी ब्लॉग लिहीत नव्हते, पण चूक ती चूकच. पुढे काय झाले? २०१७च्या निवडणुकीत काँग्रेसला १७ जागा, भाजपला १३, आणि सरकार भाजपचे. जुलै २०१९मध्ये काँग्रेसच्या १५पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. नव्या निवडणुकीनंतर सप्टेंबर २०२२मध्ये पुन्हा काँग्रेसच्या ११पैकी ८ गेले, त्यांत कामतही होते. देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेऊन निवडणूक लढवलेली ही माणसे. मग ‘त्यांच्या काळातली उधळपट्टी’ आणि ‘आमच्या काळातली’ अशी वाटणी तुम्ही कशी करता? माणसे तीच आहेत.

उधळपट्टीचे मूळही मला तिथेच दिसते. आपली विधानसभा ४० जणांची. २००३च्या घटनादुरुस्तीमुळे मंत्री १२च्या वर नेमता येत नाहीत. बाहेरून आलेल्यांना सांभाळायचे, घरचे रुसलेले समजवायचे, तर उरतात महामंडळे. अध्यक्षपद आले की कार्यालय, गाडी, चालक, कर्मचारी आले. महामंडळ तोट्यात असले तरी अध्यक्षाची खुर्ची रिकामी राहत नाही. हा खर्च कुठल्याही मंदीत कापला जात नाही, कारण तो कापला तर सरकार डळमळते. गटारवाल्याला चौदा महिने थांबवले तर कोणीच डळमळत नाही.

कला अकादमीबद्दल तुम्ही ‘जुने उगाळू नका’ म्हणालात. ते उगाळणारच. चार्ल्स कुरैया यांनी आखलेली मांडवीकाठची ती वास्तू आपल्या संगीत-नाटकाचे घर आहे, माझी मुलगी त्या रंगमंचावर नाचली आहे. त्या वास्तूच्या नूतनीकरणाचे कोट्यवधींचे काम निविदा न काढता दिले. विधानसभेत प्रश्न आला तेव्हा खात्याच्या मंत्र्यांनी शहाजहानाने ताजमहालासाठी कोटेशने मागवली नव्हती, असा दाखला दिला. जुलै २०२३मध्ये, काम चालू असतानाच, खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. सहा लाखांच्या गटाराला ई-निविदा लागते. माझ्या कंत्राटदाराने मला विचारले, “ताई, नियम फक्त आम्हांलाच का?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा.

‘कल्याणकारी योजना दिसत नाहीत का’ या तुमच्या प्रश्नाला एकच सांगते. आमची मावशी गृह आधारची, म्हणजे गृहिणींना दरमहा पैसे देणाऱ्या सरकारी योजनेची, लाभार्थी आहे. महिन्याला दीड हजार. त्या वर्षी गणेश चवथीच्या तीन दिवस आधी मी तिच्यासोबत बँकेत गेले. पासबुक यंत्रात घातले, कोरे बाहेर आले. तिने ते पुन्हा घालायला लावले. मग पिशवीत ठेवले आणि बाजारात माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-फुलांच्या आरासीचे, सामान निम्मेच घेतले, सुपाऱ्यांचा घड परत ठेवला. योजना चांगलीच आहे. पैसे वेळेवर आले तर ती योजना, नाही तर पोस्टर. हाही रांगेचाच प्रश्न.

एका बाबतीत मात्र तुमचे बरोबर आहे. ‘सगळे महोत्सव बंद करा’ असे मी लिहिले होते, ते रागाच्या भरात. २००४पासून पणजीत इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, होतो, त्या दिवसांत टॅक्सीवाले, लहान लॉजवाले, खानावळी यांना चार पैसे मिळतात, आणि सिनेमा पाहायला गावोगावची मुले येतात. त्याला एका रात्रीच्या मंडपाच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होते. ते वाक्य मी आज काढून टाकते आणि का काढले तेही खाली लिहिते. बाकीचा लेख आहे तसाच राहील.

आणि पेडण्यात कोणाचे बिल असे अडकलेले तुम्हाला ठाऊक असेल, तर बिल दिल्याची आणि पैसे मिळाल्याची तारीख तेवढी कळवा. त्याचा पक्ष मी विचारणार नाही.